परदेशी स्वयंसेवक कोणत्या गल्लीत राहणार?

दिवाळीच्या सुमारास हवा निवळली की पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या वस्त्यांमधल्या अभ्यासवर्गांत, बालवाड्यांत आणि वसतिगृहांत परदेशी स्वयंसेवक दिसू लागतात. कुणी इंग्लंडहून आलेले असते, कुणी जर्मनीहून, कुणी अमेरिकेतून. कुणाचे कॉलेज नुकतेच संपलेले, कुणी नोकरीतून सुट्टी काढलेली. मुलांना इंग्रजी शिकवायचे, खेळ घ्यायचे, चित्रे काढायची, असे मनात घेऊन ही माणसे येतात. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. आमचा प्रश्न त्यांच्या पत्त्याबद्दल आहे. हा माणूस इथे सहा आठवडे किंवा सहा महिने राहणार, तो कुणाच्या घरात? कोणत्या गल्लीत? आणि तिथून आपल्या मुलांपर्यंत येताना तो काय ऐकून येणार?

या विषयावर चळवळीत दोन सूर ऐकू येतात. एक सूर हार-तुऱ्यांचा. गोरा पाहुणा आला की स्टेज, शाल, फोटो आणि बातमी. दुसरा सूर संशयाचा. परदेशी म्हणजे एनजीओचा दलाल, आपली गरिबी विकून पैसा आणणारा. पहिल्या सुरात पाहुण्याला कुठलाच प्रश्न विचारला जात नाही. दुसऱ्या सुरात त्याच्याशी बोलणेच होत नाही. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : आपल्या मुलांसोबत काम करण्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार आपला आहे, हे आपण विसरतो.

खोली कुणाला मिळते?

आमच्याच कामातला एक अनुभव सांगतो. एकाच आठवड्यात आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या. एक आमच्या नव्या कार्यकर्त्यासाठी. एम.एस.डब्ल्यू. झालेला, पगार चालू असलेला, मराठवाड्यातला मुलगा. दुसरी एका परदेशी स्वयंसेविकेसाठी. वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर, मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या गल्लीत दोघांनीही एकच घर पाहिले. मुलाला आधी आडनाव विचारले, मग गाव, मग “नॉनव्हेज खाता का?” शेवटी सांगितले की गावाहून भाऊ येणार आहे, खोली द्यायची नाही. दोन दिवसांनी तीच खोली त्या स्वयंसेविकेला मिळाली. ती अंडी खायची, मासे खायची. त्यावर मालकीणबाईंचे उत्तर होते, “ते बाहेरचे लोक, त्यांचं चालतं.”

हा एका घरमालकिणीचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना एक तर घर नाकारले जाते, किंवा जास्त भाडे आणि जाचक अटी घालून दिले जाते, हे त्यात पुराव्यानिशी मांडले आहे. हजारो मैलांवरून आलेला माणूस या देशात चार दिवसांत ‘रुळतो’ आणि याच मातीतला माणूस दारातून परत जातो, याला योगायोग म्हणत नाहीत.

बाबासाहेबांना हे १९१७ साली बडोद्यात भोगावे लागले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून ते संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एक मित्र हिंदू होता, एक ख्रिस्ती, दोघांकडेही सोय झाली नाही. शेवटी बागेत बसून वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळपास विसरले होते. ती आठवण मायदेशातल्या खोलीच्या दाराने करून दिली.

हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात सांगितला आहे. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशी वाचक होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. परदेशी माणसाला अस्पृश्यता नावाची गोष्ट आहे हे ऐकून माहीत असते, पण तो तिच्या शेजारी राहत नसल्यामुळे तिचा जाच त्याला उमगत नाही, असा त्यांच्या सुरुवातीच्या विवेचनाचा आशय आहे. म्हणून त्यांनी व्याख्या न देता अनुभव सांगितले. आज परदेशी माणूस शेजारी राहायला येतो आहे. मग तो कुणाच्या शेजारी राहतो, याची काळजी आपण घ्यायची की नाही?

त्या खोलीत काय शिकवले जाते?

परदेशी माणूस ‘भारतात’ राहायला येत नाही. तो एका विशिष्ट जातीच्या, विशिष्ट वर्गाच्या घरात उतरतो आणि त्या घराचा भारत हाच त्याचा भारत होतो. पाण्याने पोट बिघडते, रिक्षाचे भाडे कळत नाही, हाताने जेवता येत नाही, अशा पहिल्या पंधरवड्यात तो घरमालकावर लहान मुलासारखा अवलंबून असतो. याच दिवसांत त्याचे खरे शिक्षण होते. साडी नेसायला शिकवतात, योगाच्या वर्गाला नेतात, आरतीला उभे करतात. बोलता बोलता सांगतात की शहरात आता जात कुठे राहिली, आता फक्त आरक्षण राहिले. आणि वस्तीकडे निघताना आपुलकीने बजावतात, “तिथलं पाणी पिऊ नकोस, पर्स सांभाळ.”

असा माणूस वस्तीत येतो तेव्हा त्याला गरिबी दिसते, जात दिसत नाही. जात वगळून पाहिलेल्या गरिबीतून फक्त दया निघते. मुलांचे आई-बाप दारू पितात म्हणून, आळशी आहेत म्हणून, शिक्षणाचे महत्त्व कळत नाही म्हणून ही अवस्था आहे, असा त्याचा समज होतो. त्याच्या खोलीचा संडास सकाळी घासून जाणारी बाई आणि संध्याकाळी त्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलीची आई एकच आहे, हे त्याला महिनोन् महिने कळत नाही. आमच्या वर्गात हे घडलेले आहे. त्या मुलीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि ती गप्प होती. समाजशास्त्राच्या वर्गात ‘अदृश्य श्रम’ ही संकल्पना आम्ही पुस्तकातून शिकलो. त्या नऊ वर्षांच्या मुलीला ती पुस्तकाशिवाय कळलेली होती.

आणखी एक गोष्ट. ‘परदेशी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोराच माणूस का येतो? आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना याच शहरांत खोली नाकारली जाते, टोमणे ऐकावे लागतात. २०१७ साली ग्रेटर नोएडात त्यांच्यावर जमावाने हल्ले केले. म्हणजे पाहुण्यांमध्येसुद्धा इथली व्यवस्था उतरंड लावते. श्रेणीबद्ध विषमता हा बाबासाहेबांनी दिलेला शब्द इथे तंतोतंत लागू होतो. आपल्या वस्तीतली मुले गोऱ्या ताईच्या केसांना हात लावायला धावतात आणि काळ्या दादाला पाहून हसतात, तेव्हा ती हीच उतरंड गिरवत असतात. त्या क्षणी मुलांशी बोलणे, हेही आपल्या कार्यकर्त्याचे काम आहे.

मूल हे कुणाच्या अनुभवाचे साधन नाही

आता मुलांकडे येऊ. वर्षभरात पाच स्वयंसेवक आले की मुले तेच इंग्रजी गाणे पाच वेळा शिकतात, तेच रंग, तेच प्राण्यांचे आवाज. प्रत्येक नव्या माणसाला वाटते, आपण पहिल्यांदाच शिकवतो आहोत. मुले हुशार असतात. कुणासमोर काय केले की मिठी मिळते, चॉकलेट मिळते, हे ती पटकन ओळखतात. सहा आठवड्यांनी ताई रडत निघून जाते, मूलही रडते. दोन महिन्यांनी दुसरी ताई येते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मूल रडायचे थांबते, तेव्हा आपण समजतो की ते ‘सरावले’. खरे तर जवळ आलेला माणूस टिकत नसतो, एवढेच ते शिकलेले असते. घरात बाप कामासाठी परगावी, आई दिवसभर धुणी-भांड्यांना, अशा मुलाला हा धडा आपण आणखी पक्का करून द्यायचा का?

वसतिगृहात आणि बालगृहात राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. मुलांच्या संस्थांना भेटी देण्याचे जे पर्यटन जगभर वाढले, त्यातून मुलांचे नुकसान होते, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ सालच्या बालहक्कांवरील ठरावात नोंदवले. आपल्याकडचे दाखले तर अंगावर काटा आणणारे आहेत. गोव्यात मडगावला मुलांचे आश्रयगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट याला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ साली जन्मठेप झाली. मुंबईच्या अँकरेज आश्रयगृहांच्या प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांची शिक्षा २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. प्रत्येक परदेशी माणसाकडे संशयाने पाहा, असे आम्ही म्हणत नाही. मुलांचे शोषण करणारे देशी लोक कमी नाहीत. पण जिथे प्रश्न विचारणे उद्धटपणा मानले जाते, तिथे मूल असुरक्षित असते, आणि गोऱ्या पाहुण्याला प्रश्न विचारणे आपल्याकडे उद्धटपणाच मानले जाते.

फोटोंचेही तसेच. बालन्याय कायदा २०१५ चे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करायला मनाई करते. कायदा लागू होवो न होवो, शेंबड्या नाकाच्या, उघड्या अंगाच्या मुलाचा फोटो कुणाच्या तरी प्रवासवर्णनाखाली टाकणे हा त्या मुलाच्या स्वाभिमानावर घाला आहे. ते मूल उद्या पंचवीस वर्षांचे होईल, नोकरीला लागेल, आणि तो फोटो तेव्हाही तिथेच असेल.

जाताना मागे काय राहते?

मग परदेशी माणसांनी येऊच नये का? आमचे उत्तर, जरूर यावे. पण त्यांचे काम कोणत्या मापाने मोजायचे ते आपण ठरवावे. आमचे माप साधे आहे : तो माणूस गेल्यावर वस्तीत काय उरते?

आपल्याच इतिहासात याचा धडा आहे. सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनरी बाई १८२७ साली मुंबईत आली. पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तिथेच ती वारली. मायदेशी परतून आठवणी सांगण्यासाठी ती आलेली नव्हती. तिची शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशी नगरच्या फरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांची नावे जोडलेली आहेत. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्याची चिकित्सा आपण करतोच. पण मागे काय उरले ते पाहा. मागे उरली ती इथली शिक्षिका, इथल्या भाषेत शिकवणारी, शेण-चिखल अंगावर झेलूनही शाळेत जाणारी.

जवळच्या काळातले उदाहरण गेल ऑम्व्हेट यांचे. अमेरिकेत जन्मलेली ही संशोधक महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आली, मराठी शिकली, १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ साली भारताची नागरिक झाली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत राहिली. त्यांच्या मतांशी चळवळीतल्या अनेकांनी वाद घातले, आणि त्यांनीही परत वाद घातला. आपल्या माणसासारखा वाद घालता येणे, यापेक्षा इथे रुळल्याची मोठी खूण कोणती? सगळ्यांनी जन्मभर राहावे असे कुणी म्हणणार नाही. पण कुणाच्या बाजूला राहायचे, हा निर्णय सहा महिन्यांसाठी येणाऱ्यालाही घेता येतो.

बाबासाहेबांनी १९३२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रवासात बोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिले, तेही इथे वाचावे. अस्पृश्यता निवारणासाठी नव्याने निघालेल्या संघटनेपुढे, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघापुढे, त्यांनी दोन मार्ग ठेवले. अस्पृश्य व्यक्तीतच काही उणे आहे असे मानून तिला सुधारत बसायचे, की तिला दाबून ठेवणाऱ्या परिस्थितीशी झगडायचे? आणि काम करणारी माणसे शक्यतो अस्पृश्य समाजातलीच असावीत, कारण ज्याला त्या कार्याची ओढ असते तोच ते खरेपणाने करतो, असा त्यांचा आग्रह होता. परदेशी स्वयंसेवकाला हेच लागू आहे. मुलाला ‘सुधारायला’ येणाऱ्याला आपण नम्रपणे परत पाठवावे. मुलाच्या वाटेतला दगड उचलायला जो आपल्या ताईच्या शेजारी उभा राहील, त्याच्यासाठी जागा करावी.

असा माणूस आम्ही पाहिला आहे. एक स्वयंसेविका दहा महिने वस्तीतच राहिली, आमच्या एका कार्यकर्तीच्या घराच्या माळ्यावर. सकाळी साडेपाचला नळाला पाणी येते तेव्हा तीही बादली घेऊन रांगेत. पहिले तीन महिने तिने मुलांना काहीच शिकवले नाही. मुलांनी तिला मराठी शिकवले. ‘ळ’ म्हणता येईना, तर दुसरीतली पोरे तिच्याकडून दहा-दहा वेळा म्हणवून घ्यायची आणि चुकली की हसायची. आयुष्यात पहिल्यांदा ती मुले कुणाची तरी गुरुजी झाली होती. नंतर तिने मुलांऐवजी आमच्या तीन ताईंना रोज दुपारी इंग्रजी शिकवले. ती गेली त्याला बराच काळ लोटला. त्यातल्या दोन ताई आज स्वतः इंग्रजीचा वर्ग घेतात.

आपल्या अटी

म्हणून वस्तीत काम करणाऱ्या तरुण मित्रांपुढे आम्ही काही अटी ठेवतो.

एक. राहण्याची सोय आपण करावी, आणि ती आपल्या माणसांत करावी. संडास-बाथरूमची, सुरक्षिततेची काळजी घेऊन, पण वस्तीत किंवा वस्तीला लागून. ‘तुम्हाला त्रास होईल’ म्हणून त्यांना लांबच्या सोसायटीत पाठवणे म्हणजे आपल्या घराची लाज बाळगणे आहे.

दोन. कायदा पाळावा. पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिन्याचे विनामोबदला स्वयंसेवी काम चालते, त्याहून अधिक काळासाठी योग्य व्हिसा लागतो. १८० दिवसांहून अधिक राहायचे तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते. परदेशी माणूस उतरल्यावर २४ तासांच्या आत घर देणाऱ्याने त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, रुपयांत दिली तरी, परदेशी देणगी कायद्याखाली येते. नोंदणी नसेल तर घेऊ नये. आपल्या संस्था बंद पाडायला टपलेल्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?

तीन. त्याच्या देशातला पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि आधीच्या कामाच्या ठिकाणची विचारपूस झाल्याशिवाय मुलांजवळ प्रवेश नाही. मुलासोबत एकट्याने खोलीत बसणे नाही. हे नियम आपल्या देशी स्वयंसेवकांनाही तेवढेच लागू असावेत.

चार. पहिला महिना शिकण्याचा. मराठी, वस्तीचा इतिहास, जात म्हणजे काय. येण्याआधी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचून यावे. इंग्रजीत आहे, छोटे आहे, कारण सांगायला जागा उरत नाही.

पाच. मुलांपेक्षा ताईंना शिकवण्यावर भर. ज्या कामामुळे स्थानिक ताईचे मानधन बंद होईल, ते काम फुकट मिळाले तरी नको.

सहा. मुलाच्या आणि पालकांच्या संमतीशिवाय फोटो नाही. भेटवस्तू एका मुलाला नाही, वर्गाला.

यावर आमचे काही साथी म्हणतील, “एवढ्या अटी घातल्या तर येणार कोण? आणि आपल्या पोरांना इंग्रजी कोण शिकवणार?” इंग्रजीची भूक आम्हाला मान्य आहे. ती बाबासाहेबांची लेकरे म्हणून आपला हक्क आहे. पण सहा आठवड्यांच्या गाण्यांनी ती भूक भागत नाही. वर्षानुवर्षे वर्गात उभ्या राहणाऱ्या ताईला इंग्रजी आले तर भागते. आणि अटी ऐकून जो येत नाही, त्याचे न येणे हाच आपल्या मुलांचा फायदा.

दुसरे काही म्हणतील, परदेशी माणसाला अटी घालणे म्हणजे धर्मांतराचा बागुलबुवा दाखवणाऱ्यांची भाषा बोलणे. मुळीच नाही. त्यांना भीती आहे ती दलित मूल त्यांच्या हातून निसटेल याची. आमचा आग्रह आहे तो त्या मुलाला कुणीही, देशी वा परदेशी, दयेचा विषय करू नये याचा. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हापासून आपल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आपण उचललेली आहे. त्या कामात सोबतीला येणारा प्रत्येक माणूस आपला आहे, मग त्याचा पासपोर्ट कुठलाही असो.

येत्या हंगामात तुमच्या वस्तीत कुणी येणार असेल, तर स्वागताचा बॅनर छापण्याआधी एक काम करा. वस्तीतल्या कुणाच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली होऊ शकते, ते पाहून ठेवा. आणि आपल्या त्या कार्यकर्त्यासाठीही एक खोली शोधा, ज्याला आडनाव विचारून परत पाठवले होते. दोघे एकाच गल्लीत राहू लागले, तर उरलेल्या गोष्टी त्यांना एकमेकांकडून कळतील.

जय भीम!